आडनावातलं गाव

आजचा भाग छोटा आहे, आणि थोडा घरचा आहे.

आमचं आडनाव पैठणकर. पण पैठणला आमचं घर नाही, शेत नाही, नातेवाईकही नाहीत. गाव परळीजवळचं. वडील नोकरीसाठी पिंपरीत आले, मी वाढलो चिखलीत. शाळेत कोणी विचारलं, "मग पैठणकर कसे?" तर वडील म्हणायचे, "बघू कधीतरी." गेल्या वर्षी वडील गेले. ते 'कधीतरी' माझ्याकडे आलं.

अस्थी घेऊन आम्ही नाशिकला निघालो. ज्या रस्त्याने मी रोज चाकणला कामावर जातो, तोच रस्ता पुढे नारायणगाव, संगमनेर करत नाशिकला जातो. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकपलीकडे आपलं काही असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

रामकुंडावर विधी झाल्यावर तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव नंतर. त्यांच्याकडच्या नामावळी गावांप्रमाणे लावलेल्या असतात. दहा मिनिटांत चोपडी समोर. मी डेटाबेसवर काम करतो, तरी थक्क झालो.

1962 ची नोंद आजोबांची, 'पैठणकर' अशी सही. त्याआधीची पणजोबांची, मोडीत. गुरुजींनी वाचून दाखवली: "जाधव. मूळ राहणार पैठण."

म्हणजे आम्ही जाधव! गुरुजींचा अंदाज असा, की गावात जाधवांची घरं आधीच असतील, म्हणून पैठणहून आलेले ते पैठणकर.

तेव्हा लक्षात आलं, पैठणात राहणाऱ्याला पैठणकर कोण कशाला म्हणेल? गाव सुटलं की 'कर' लागतं. दीनानाथ मंगेशकरांनीही आडनाव घेतलं ते गोव्यातल्या मंगेशी या आपल्या गावावरून, आणि ते सगळीकडे पोचलं. नॉर्वेतही असंच. तिथे पूर्वी बापाच्या नावापुढे 'सेन' लावत आणि शेतवाडीचं नाव पत्त्यासारखं जोडत. कायम आडनावाचा कायदा झाला 1923 मध्ये. अमेरिकेला गेलेल्या अनेकांनी त्या शेतवाडीचंच नाव आडनाव म्हणून लावलं. आज त्यांची पतवंडं त्यावरून मूळ वाडी शोधतात.

तुम्हाला शोधायचं असेल, तर आजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि जुना तालुका लिहून घ्या. तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, मागा. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाकडे होता, त्यामुळे तिथले बरेच जुने महसुली कागद उर्दूत आहेत. वाचणारा माणूस आधी शोधा. आणि सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्यांशी बोला. मी ते केलं नाही.

शेवटी गुरुजींनी पेन माझ्या हातात दिलं. चोपडीत पणजोबांच्या बहिणींची नावं नव्हती, आत्याचंही नव्हतं. गुरुजी म्हणाले, "मुलींची नावं सासरच्या चोपडीत जातात." मी म्हटलं, "जाऊ देत, इथेही राहू देत." वडिलांखाली आईचं नाव लिहिलं, मग आत्याचं, ताईचं आणि माझं. हल्ली मुक्काम: चिखली, पिंपरी-चिंचवड.

ताई बाजूला उभी होती. म्हणाली, "तुझी नातवंडं उद्या चिखलीकर लावतील बघ."

लावू देत. कुठून आले, ते तरी त्यांना शोधावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात.