चेहरा, भिंग आणि खोडरबर

आपल्या घरात भिंतीवर आजोबांची किंवा आजीची तसबीर असेल. ती कोणत्या फोटोवरून केली, हे जरा आठवून पाहा. पुष्कळ घरांतून असं घडतं की, म्हातारं माणूस गेलं म्हणजे त्याच्या फोटोची शोधाशोध सुरू होते. अखेर बँकेच्या पुस्तकावरचा बोटाएवढा फोटो हाती लागतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून तो चेहरा कापून घ्यावा लागतो. मग तो ताणून मोठा करतात, गोरा करतात आणि त्याला हार घालतात. पुढच्या पिढीला आजी ठाऊक होते ती अशी.

म्हणून आज मला माणसाचा फोटो काढण्याविषयी आपल्याशी बोलायचं आहे. भिंग कोणतं घ्यावं आणि काढलेल्या फोटोवर मागाहून हात किती फिरवावा, हे त्यातले दोन प्रश्न. दोहोंची कसोटी मात्र एकच: घरच्या माणसाला तो चेहरा पाहताक्षणी ओळखता आला पाहिजे.

हे शहाणपण मला चुकीतून आलं. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळी गावी, एका माळवदाच्या घरात मी एका आजींचा फोटो काढला. घरी येऊन संगणकावर मोठ्या हौसेने तो 'सुधारला'. सुरकुत्या पुसल्या, रंग उजळला आणि कपाळावरचं हिरवं गोंदण डाग समजून काढून टाकलं. आठ दिवसांनी फोटो घेऊन गेलो. आजींनी तो हातात धरला, बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "बाई चांगली हाय. कोन म्हनायची ही?" घरातली पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

आधी भिंगाचं पाहू. मोबाइलचं मुख्य भिंग रुंद दृश्य घेणारं असतं. चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण मोबाइल थेट नाकासमोर नेतो आणि तिथेच घोटाळा होतो. हिशेब साधा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर अंतर धरा. भिंग नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. तेच आपण १८० सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ सहा फुटांवर उभे राहिलात, तर हा फरक ७ टक्क्यांच्या आत येतो. नाक फुगतं ते भिंगामुळे नव्हे, आपण फार जवळ गेलात म्हणून. लांब पल्ल्याचं भिंग घ्यायचं ते एवढ्याचसाठी की, सहा फुटांवरूनही चेहरा चौकटभर यावा.

ज्या कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो, त्याला चेहऱ्यासाठी ८५ ते १०५ मिलिमीटरचं भिंग उत्तम. लहान संवेदकाच्या, दीड गुणकाच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचं स्वस्त भिंगही ७५ चं काम करतं. नवशिक्याने तेच घ्यावं. मोबाइलला दूरचं जवळ आणणारं वेगळं भिंग असेल, तर ते वापरा. नसेल तर चार पावलं मागे सरा आणि नंतर कडा कापा.

दुसरा मोह भिंग पूर्ण उघडण्याचा. ८५ चं भिंग एफ १.८ ला उघडून दीड मीटरवरून फोटो काढलात, तर स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. डोळा लख्ख आणि कान धुक्यात! आजीच्या कानातली बुगडी दिसायला हवी असेल, तर एफ ५.६ ठेवा, पट्टी १० सेंटिमीटरपर्यंत जाते. फोकस मात्र नेहमी जवळच्या डोळ्यावर धरा.

उजेडाचंही सांगतो. आपल्याकडचं ऊन कडक. दुपारी अंगणात बसवाल, तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. त्यापेक्षा ढाळजेत, दारापासून हातभर आत बसवा. सावलीच्या बाजूला धुतलेलं पांढरं धोतर धरा. आजोबांच्या टोपीच्या घड्या दिसतील इतकाच उजेड घ्या. चेहरा थोडा काळवंडला तरी हरकत नाही. कॅमेऱ्यात रॉ फाइल ठेवली असेल, तर सावली मागाहून उघडता येते. पांढराफट्ट झालेला भाग मात्र परत मिळत नाही.

आता खोडरबराकडे वळू. पुसापुशीची ही हौस मोबाइलने आणली, असं समजू नका. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारे कारागीर १९ व्या शतकातच होते. काळसर सुरकुती निगेटिव्हवर पातळ, उजेड जाऊ देणारी रेघ होऊन येते; ती पेन्सिलीने भरली की कागदावर उजळ उमटते. त्यांच्या बाजूने एक सबबही होती. त्या काळच्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. त्यामुळे गव्हाळ कातडी काळपट आणि कुंकू काळंठिक्कर येई.

बेंबळीचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांनी सहाव्या निजामाच्या दरबाराची अप्रतिम छायाचित्रं काढली. त्यांच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि म्हणून ते नवाब, ते सरदार आज आपल्याला दिसतात. त्याच राज्यात ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला असा फोटो मिळणं दुरापास्तच होतं. आज कॅमेरा त्याच्या नातवाच्या खिशात आहे. मग आजोबांचा खरा चेहरा का राहू नये?

हात फिरवायचा तो कसा? माझा नियम असा: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, ते पुसावं, जे जन्माचं आहे, ते ठेवावं. गालावरची पुळी, केसात अडकलेली काडी, चष्म्यावरची धूळ खुशाल काढा. सुरकुत्या, तीळ, देवीचे वण, गोंदण यांना हात लावू नका. रंग जुळवायचा तो धोतराच्या पांढऱ्यावरून. कातडी गोरी करून नव्हे. मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय फोटो काढण्याआधीच बंद करा, कारण एकदा पुसलं गेलेलं पुष्कळदा परत आणता येत नाही. आणि मूळ फाइल नेहमी वेगळी जपून ठेवा.

मी ती ठेवली होती, म्हणून वाचलो. दुसऱ्या खेपेला केवळ उजेड सावरलेला, गोंदणासकट फोटो घेऊन बेंबळीला गेलो. आजींनी कागदावरच्या कपाळावर बोट टेकवलं. म्हणाल्या, "हे माज्या आयनं जत्रंत गोंदवून घेतलं व्हतं. लई रडले व्हते मी." घरातल्या सुनेलासुद्धा ही हकीकत ठाऊक नव्हती. ती हातातलं काम टाकून तिथेच बसली, आणि आजी पुढे सांगत राहिल्या.

येत्या रविवारी आपल्या घरच्या थोरांना दाराशी बसवा. सहा फूट मागे सरा. घाई करू नका. त्यांना बोलतं करा, मग बटण दाबा. फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. हार घालायची वेळ येण्याआधी तो त्यांच्या स्वतःच्या हातात पडू द्या.