जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल पाहताना

(शैक्षणिक सहलीपूर्वी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



यंदाच्या सहलीत जुने गोवे पाहावयाचे ठरले आहे, आणि तेथील से कॅथेड्रलविषयी चार शब्द सांगण्याची कामगिरी मजकडे आली आहे. काही पालकांनी विचारले आहे की, आपल्या मुलामुलींना ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात नेण्याचे प्रयोजन काय? त्यातून हे मंदिर तर मुसलमानांच्या पराभवाची आठवण म्हणून उभारलेले! प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. म्हणून आधी इतिहासच सांगतो.

इ. स. १५१० मध्ये गोवे विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याने त्या वर्षाच्या आरंभी ते घेतले, काही महिन्यांतच गमावले आणि २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. पाठोपाठ शहरातील मुसलमानांची कत्तल झाली. हा कोणा विरोधकाचा आरोप नव्हे. खुद्द अल्बुकर्कनेच आपल्या राजाला पत्राने तसे कळविले आहे. २५ नोव्हेंबर हा संत कॅथरिन हिचा सण. म्हणून विजयाची आठवण तिच्या नावाशी जोडली गेली. आधी एक लहान चर्च झाले आणि पुढे हे भव्य कॅथेड्रल.

‘से’ म्हणजे आसन. जेथे बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले, इमारत १६१९ च्या सुमारास पुरी झाली आणि आतील वेद्या १६५२ पर्यंत सिद्ध झाल्या. म्हणजे ज्यांनी पाया खोदला त्यांनी कळस पाहिला नाही. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट. बांधणी आपल्या कोकणातल्यासारखी जांभ्या चिऱ्याची आहे, वरून चुन्याचा गिलावा. दर्शनी बाजूला पूर्वी दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. सोनेरी आहे तो तिचा नाद.

आत गेल्यावर मुख्य वेदीसमोर थांबा. सोनेरी मुलामा दिलेल्या त्या उंच लाकडी कामात संत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग दाखविले आहेत. ख्रिस्ती परंपरा सांगते की, ही मिसर देशातील अलेक्झांड्रियाची विदुषी. बादशहाने तिला वादात हरविण्यासाठी पन्नास पंडित आणले, ते सारे तिच्यापुढे निरुत्तर झाले. आणि अखेरीस बादशहाने तिचा शिरच्छेद करविला. युरोपात तिला विद्यार्थ्यांची कैवारी मानतात. आमच्या शाळेतील मुलींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या मुलीने तलवार कधी हाती धरली नाही, तिचे नाव एका लढाईला चिकटले, यात त्या बिचारीचा काय दोष? मिसरमध्येच सिनाई पर्वताच्या पायथ्याशी तिच्या नावाचा प्राचीन मठ आहे, आणि त्या मठाच्या तटाच्या आत फातिमी काळातील एक मशीद आजही उभी आहे. नाव एकच, एका ठिकाणी ते विजयाशी जोडले गेले, दुसऱ्या ठिकाणी शेजाराशी. ही निवड माणसांची असते.

आणखी एका माणसाची ओळख करून देतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला आणि त्यात इब्न सीना व इतर अरबी हकिमांची मते जागोजाग चर्चिली आहेत. एक युरोपीय वैद्य, एक मुसलमान सुलतान आणि या मातीतली औषधे, असा हा विद्येचा मेळ! परंतु ओर्ता जन्माने यहुदी कुळातला. गोव्यात १५६० पासून इंक्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय चालू झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. तेव्हा मित्रहो, त्या काळी जुलूम काही एकट्या मुसलमानांवर झाला नाही. हिंदूंवर झाला, यहुद्यांवर झाला, बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्त्यांवरही झाला. दुःखाचा हिशेब मांडावयाचा तर तो सर्वांचा मांडावा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. हा इतिहास ठाऊक असूनही तेथे जावे काय? माझे नम्र मत असे की, ठाऊक आहे म्हणूनच जावे. तुम्ही तेथे इबादतीसाठी जात नाही, पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी जात आहात. कुरआन शरीफमध्ये सूरह मरियम आहे. ईसा अलैहिस्सलाम यांना आपण पैगंबर मानतो. सूरह हजमध्ये मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचा एकत्र उल्लेख येतो, कारण या साऱ्यांत अल्लाहचे नाव घेतले जाते. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला हुजूर पैगंबरांनी (स.) मदीनेच्या मशिदीत त्यांची प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. ज्यांनी परक्यांना आपल्या मशिदीत आदराने वागविले, त्यांच्या उम्मतीने परक्यांच्या घरी कसे वागावे, हे निराळे सांगावयास नको.

तरी शिक्षक या नात्याने काही सूचना करतो. हे निव्वळ प्रेक्षणीय स्थळ नाही. तेथे आजही उपासना होते. पोशाख नीटनेटका असावा, बोलणे हलके असावे. मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा. कोणी गुडघे टेकून बसले असेल तर त्याच्यासमोरून जाऊ नका, त्याचे छायाचित्र घेऊ नका. आपण नमाजात असताना कोणी तसे केले तर आपल्याला कसे वाटेल, एवढाच विचार करा. भिंतीवर नावे कोरणे तर कोठेच क्षम्य नाही. विजापूरला नाही आणि गोव्यातही नाही.

कॅथेड्रल पाहून झाल्यावर आदिलशहाच्या वाड्याचा म्हणून दाखविला जाणारा काळ्या दगडाचा दरवाजा जवळच आहे, तो पाहा. मागे वाडा नाही, नुसती कमान उरल्यासारखी आहे. परतताना फोंड्याची साफा मशीद पाहू. ती १५६० ची, म्हणजे कॅथेड्रलच्या पायाच्या दोन वर्षे आधीची, आणि तिची मोठी तळी अजून पाण्याने भरलेली असते. गोव्याचे राज्यकर्ते गेले. पोर्तुगीज सत्ताही १९६१ मध्ये गेली. राहिली ती ज्याच्या त्याच्या श्रद्धेची जागा.

प्रत्येकाने वही जवळ ठेवावी. काय पाहिले हे तर लिहाच, पण कोणता प्रश्न पडला तेही लिहा. परत आल्यावर ते प्रश्न आपण याच सभागृहात चर्चेला घेऊ, आणि पालकांनीही त्या दिवशी यावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.