कासवं जपानात गेली, आपण कुठे जाणार?

(जुन्नर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर ‘निन्जा कासवं’ हे शब्द वाचून ज्येष्ठ मंडळींना प्रश्न पडला असेल, की हा गृहस्थ आज बोलणार तरी काय? नातवंडांना विचारा, ती सांगतील. न्यूयॉर्कच्या गटारात राहणारी चार कासवं, त्यांना शस्त्रविद्या शिकवणारा एक म्हातारा उंदीर, आणि कासवांची नावं मात्र इटलीतल्या थोर कलावंतांची : लिओनार्दो, राफाएल, दोनातेल्लो, मायकेलँजेलो. १९९० मध्ये त्यांच्यावरचा सिनेमा आला, १९९१ मध्ये दुसरा, १९९३ मध्ये तिसरा. मी बोलणार आहे ते तिसऱ्याबद्दल. समीक्षकांनी तो झोडपला, आणि त्यांचं फारसं चुकलं नाही. तरीही त्यात एक कल्पना अशी आहे, की ती जुन्नरला आणून पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

गोष्ट साधी आहे. एक जुना जपानी राजदंड हाती येतो आणि मंडळी थेट १६०३ सालच्या जपानात जाऊन पडतात. तिथे नोरिनागा नावाचा सरदार रयतेला छळतोय, वॉकर नावाचा इंग्रज व्यापारी त्याला बंदुका विकायला बसलाय, आणि मित्सू नावाची तरुणी गावकऱ्यांना घेऊन दोघांच्या विरोधात उभी आहे. कासवं गावकऱ्यांच्या बाजूने लढतात आणि घरी येतात. पण त्या दंडाचा एक नियम आहे. वजनाला वजन. इकडून जेवढे जातील, तेवढ्याच वजनाचे तिकडून इकडे येतात. चार कासवं गेली, तर चार सामुराई पहारेकरी न्यूयॉर्कमध्ये उतरले. दिग्दर्शकाने या नियमाचा वापर विनोदापुरता केला. मला तो नियमच सगळ्यात गंभीर वाटतो. भूतकाळात जायचं, तर कुणाची तरी जागा घ्यावी लागते. कुणाची?

आता हा प्रश्न इथे विचारू. १६०३ साली जपानात तोकुगावा इएयासू शोगुन झाला. त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं होतं, चांदबिबी मारली गेली होती, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर उरलीसुरली निजामशाही सावरत होता. पुढे काही वर्षं या निजामशाहीची राजधानी आपलं जुन्नर होतं. हापूसबागेत सौदागर घुमट उभा आहे. तिथली बाग हबशी लोकांची, हबशीबाग, तिचं हापूसबाग झालं. मालोजी भोसले याच निजामशाहीचे सरदार होते. म्हणजे सरंजामशाहीच पाहायची तर आपल्याला जपानला जायची गरज नाही. जहागिरी, वतनं, देशमुख, किल्लेदार, परदेशी तोफा, सगळं इथे होतं.

तरीही मराठीत असा सिनेमा, अशी गोष्ट माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे कुटुंबाने मिळून पाहावी अशी, ज्यात आजची पोरं त्या काळात जाऊन पडतात. मला आठवतात त्या गोष्टींत उलटं घडतं. २००९ चा ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ घ्या. दिनकर भोसले हा पिचलेला मुंबईकर १६७४ मध्ये जात नाही, महाराजच त्याच्याकडे येतात. २०२५ मध्ये ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ आला, तिथेही तेच. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले प्राध्यापक तरी १७६१ मध्ये जातील असं वाटतं. तेही जात नाहीत. ते एका वेगळ्याच वर्तमानात जातात, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत, आणि तिथल्या ग्रंथालयात बसून इतिहास वाचतात. नारळीकर विज्ञान सांगत होते, त्यांना दोष नाही. पण सवय बघा. आपण तिकडे जात नाही, तिकडच्यांना इकडे बोलावतो. महाराज आपल्या दिवाणखान्यात आले तर आपण यजमान असतो. आपण त्यांच्या काळात गेलो तर कोण असू?

याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या घरचा आहे. नारायणगावला पाडव्याच्या आसपास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशातल्या विठाबाईंचं गाव ते. गण, गवळण, बतावणी झाली की वग उभा राहतो आणि त्यात राजाचा दरबार भरतो. त्या दरबारात सोंगाड्या येतो आणि राजाला रेशनच्या साखरेबद्दल, एसटीबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल विचारतो. राजा गोंधळतो, पब्लिक हसतं. सोंगाड्या हाच आपला कालप्रवासी. कुठल्याही यंत्राशिवाय तो चारशे वर्षं मागे जातो आणि आजची भाषा सोडत नाही. कासवंसुद्धा सरदाराच्या वाड्यात जाऊन आपली टवाळी सोडत नाहीत. फरक एवढाच, की सोंगाड्या मार खातो, दुसऱ्याला मारत नाही. त्याला माहीत असतं की या दरबारात आपली जागा दाराशी आहे.

आता मारामारीकडे येतो, कारण विषय मर्दानी साहसाचा आहे. दोनातेल्लोच्या हातात लांब काठी असते. ती जपानी असली तरी शिवजयंतीला इथे लाठीकाठी फिरवणाऱ्या मुलामुलींना ती ओळखीची वाटेल. दांडपट्टा मात्र खास आपला. २०२४ च्या शिवजयंतीला तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळत नाही, म्हणून वार खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून काढावा लागतो. पाहायला सुंदर, शिकायला कठीण. पण सिनेमावाल्याने १६३० च्या जुन्नरात उतरलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात पट्टा दिला, तर मी तिकीट परत मागेन. पट्टा तालमीत मुरलेल्या शिपायाचा. कुणब्याच्या हातात काठी असे, कोयता असे, आणि माळ्यावर बसून पाखरं उडवणाऱ्या पोराच्या हातात गोफण असे. गोफण हेच त्या पोराचं शस्त्र. ती नीट मारता यायला किती सराव लागतो, हे इथल्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा.

आणि लढाई? खरी निन्जाची म्हणावी अशी रात्र जुन्नरने पाहिली आहे. १६५७ सालचा एप्रिल. शिवाजी महाराजांची माणसं दोराच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावर चढली, पहारे कापले, आणि तीन लाख होन आणि दोनशे घोडी घेऊन गेली. पोराटोरांच्या सिनेमाला याहून चांगला प्रसंग सापडणार नाही. पण जुन्नरकरहो, इथे तो वजनाचा नियम लावा. तुमच्या घरातली चार माणसं त्या रात्री जाऊन पडली, तर शिडीवर पडतील की तटाच्या आत? जुन्नर तेव्हा मोगलांचं ठाणं होतं. इथली पेठ, इथले विणकर, कागदी, तेली, सराफ तटाच्या आत झोपले होते. शिडीवरची माणसं बाहेरून आली होती. आपण सगळे सिनेमात शिडीवर चढतो. वंशावळीने गेलो तर बहुतेक जण घरात कडी लावून बसलेले निघू. यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिथून पाहिलेली गोष्ट कुणी सांगितलेली नाही, आणि मला ती शिडीवरच्या गोष्टीपेक्षा जास्त हवी आहे.

शिवनेरीचंही तसंच. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस आपण पाळण्यासकट जाणतो. पण त्या दिवसाच्या आजूबाजूचं काय? जुलै १६२९ मध्ये निजामशहाने जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना दौलताबादला दरबारात बोलावून ठार केलं. जिजाबाई ज्या गडावर बाळंत झाल्या तो गड त्याच निजामशाहीतला होता. त्यानंतर पाऊस फिरला आणि १६३० ते ३२ चा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं. आजचं चौकोनी कुटुंब हत्ती दरवाजातून शिवाई देवीच्या देवळाकडे चालत निघालं आणि डोळे मिटून उघडले तर १६३०, अशी कल्पना करा. ढोलताशे नाहीत. अंबरखान्यात धान्य किती उरलंय याची चर्चा आहे. गंगा-जमुनाच्या टाक्यांतलं पाणी तेवढं तेच आहे. आणखी एक, हे पोरांना सांगायलाच हवं : महाराजांच्या हयातीत शिवनेरी स्वराज्यात आला नाही. प्रयत्न झाले, गड मिळाला नाही. साहसकथेत नायकाला सगळं जिंकू देण्याची घाई असते, इतिहासाला नव्हती.

सिनेमातला तो इंग्रज वॉकर तर मला अगदी ओळखीचा वाटला. १६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला होता. चढताना वाट चुकून आहुप्याच्या बाजूचा अवघड घाट त्याच्या नशिबी आला, उतरताना नाणेघाटाने गेला. तो बंदुका विकायला आला नव्हता, मोगल सुभेदाराने बोलावलं म्हणून आला, आणि इथलं बरंच काही लिहून ठेवून गेला. आपण त्याच्या डोळ्यांनी त्या काळात जाऊ शकतो. पण पालखीत बसलेल्याच्या डोळ्यांनी. पालखी ज्यांच्या खांद्यावर होती त्या भोयांनी काय पाहिलं, ते लिहायला कुणी नव्हतं. आहुप्याचा घाट पालखी घेऊन चढणं म्हणजे काय, हे दोन पावसाळी ट्रेक केलेल्या इथल्या पोरांना कळेल.

मित्सूसारखे बंडखोरही शोधायला लांब जावं लागत नाही. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना जिथे मारलं, ती जागा. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. आंबेगावातल्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठले, म्हणजे सरंजामशाही संपून इंग्रजी कायदा आला तरी रयतेचं गाऱ्हाणं तेच राहिलं. अमेरिकन सिनेमात बंड दीड तासात यशस्वी होतं. इथली बंडं चिरडली गेली आणि चौथरे उरले.

आता नियमाची दुसरी बाजू. आपण चौघे तिकडे गेलो, तर तिकडचे चौघे इकडे येतील. जुन्नरचे चौघे आले तर गोंधळतील, पण वर शिवनेरी दिसेल, लेण्याद्री दिसेल, कुकडी दिसेल. त्यांचा पत्ता सापडेल. आणि आंबेगावचे आले तर? घोड नदीच्या काठचं आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका आहे, ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि आंबेगाव तळात. त्या चौघांना आपण काय सांगणार? की तुमच्या गावावर जे पाणी आहे त्यावर खालची शेती पिकते? खरंच पिकते, ते खोटं नाही. पण गाव कुठे आहे, या प्रश्नाला ते उत्तर होत नाही. पुनर्वसन झालेल्या घरांतले म्हातारे आजही बोलता बोलता त्या गावात जाऊन येतात. ऐकायला बसलात तर त्यासाठी जपानी दंड लागत नाही.

कुणी म्हणेल, यंत्र हवंच असेल तर खोडदला आहे. बरोबर. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला, ते २०२३ मध्ये जाहीर झालं. बोरीच्या कुकडीकाठी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडते. म्हणजे काळात मागे पाहण्याची सोय या तालुक्याइतकी क्वचितच कुठे असेल. पण खोडदला फक्त दिसतं, जाता येत नाही, आणि कुणाची जागाही घ्यावी लागत नाही. म्हणून पटकथा लिहिणाऱ्याने खोडदचा मोह टाळावा असं माझं मत. तबकडीतून धूर निघाला आणि पोरं १६३० मध्ये पडली, हे फार स्वस्तात होईल. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण त्यापेक्षा बरा. जो घाट ओलांडतो त्याने काहीतरी टाकूनच पुढे जायचं, ही अट त्या जागेतच आहे.

मला हा सिनेमा कसा हवा, ते सांगून थांबतो. एक कुटुंब. आई शाळेत शिकवते, बापाचं टोमॅटोचं पीक आहे, मोठी मुलगी लाठीकाठीत तरबेज, धाकट्याला गोफण येते कारण आजोबांनी शिकवली. ती १६३० च्या जुन्नरात पडतात, ती चार उपाशी माणसांच्या जागी. ती चार माणसं इकडे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात येतात, भाव पडला म्हणून रस्त्याकडेला ओतलेल्या टोमॅटोच्या ढिगासमोर. तिकडे दुष्काळ, इकडे ढीग. बाकी मारामारी हवी तेवढी घाला, माझी हरकत नाही, पोरांना ती लागतेच. राजाला मात्र मध्ये आणू नका. पाळण्यातलं मूल गडावर झोपलेलं राहू द्या.

या सभागृहात लिहिणारी मंडळी आहेत, शाहीर आहेत, तमाशात वग बसवणारे आहेत. सिनेमाला पैसे लागतात, वगाला तेवढे लागत नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी हा वग पुढच्या पाडव्याच्या आत लिहावा आणि पहिला खेळ डिंभ्याच्या पुनर्वसित गावांपैकी एका गावात करावा. सोंगाड्याचं काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा.