बहिष्कार कुणावर?

(बोरी, जि. परभणी इथं युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. पुनरुक्ती तेवढी काढली.)



काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या एका मुंबईच्या पोरानं मला अडवलं. म्हणाला, "काका, अमेरिका कुठल्या हुकूमशहावर निर्बंध घालते, युरोप कुठल्या कंपनीची खाती गोठवतं. आपण टाळ्या वाजवायच्या का निषेध करायचा?" मी म्हणालो, उद्या सांगतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरानं प्रश्न विचारला परदेशाचा, आणि मला आठवत राहिली पिठाची गिरणी.

'निर्बंध' हा शब्द पेपरवाल्यांचा. आपल्या घरातला शब्द बहिष्कार. ह्या शब्दाचा अर्थ आपल्याला कोशात बघावा लागत नाही. आपल्या आज्यांनी तो खाल्लाय.

१९७८ साल. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी-नांदेडात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना हाल हाल करून मारलं. मी तेव्हा दहा वर्षांचा, ह्याच तालुक्यातल्या एका गावात. आमच्या गावात आग लागली नाही. आमच्या गावात फक्त गिरणी बंद झाली. म्हणजे गावाला चालू, आम्हाला बंद. दुकानदार मीठ-मिरची देईना. ऐन खुरपणीच्या दिवसांत बायांना रोजानं कुणी बोलवीना. जवारी घरात होती, पण पीठ नव्हतं. माय पाट्यावर भरडून कण्या शिजवायची.

विसाव्या का बाविसाव्या दिवशी माझा बाप चावडीवर गेला. हात जोडले. म्हणाला, नामांतराशी आमचा काही संबंध नाही. घरी आला, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढला, धोतरात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दळण मिळालं. ती भाकर मी खाल्ली, आणि बापाला मात्र कित्येक वर्षं माफ केलं नाही. त्याच्याशी धड बोललो नाही. लई उशिरा कळलं, बाप भेकड नव्हता. पोटावर टाकलेला बहिष्कार सगळ्यात आधी ज्याच्या घरात लेकरं जास्त, त्याला मोडतो. तो त्यासाठीच असतो.

बाबासाहेबांनी हे हत्यार बरोबर ओळखलं होतं. मुंबई सरकारच्या १९२८ च्या स्टार्ट समितीवर ते होते. मारहाणीपेक्षा बहिष्कार भयंकर, कारण तो कायद्यात बसतो, हे त्या समितीनं लिहून ठेवलं. १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागणी केली, बहिष्कार टाकणं हा गुन्हा करा. मसुदा त्यांनी कुठून घेतला? ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. आणि आपल्याला तो कायदा मिळाला कधी? अॅट्रॉसिटी कायद्यात बहिष्काराचा गुन्हा स्पष्ट शब्दांत आला २०१५ च्या दुरुस्तीनं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा. ८५ वर्षं. तेवढ्यात किती फोटो पेटीत गेले असतील, मोजा.

आता जगाकडं वळू. फार लांब जायचं नाही. तुम्ही बसलात ती बोरीची जमीनच एकदा अशा निर्बंधाखाली होती.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. गादीवर निजाम, दिवाण मीर लायक अली, आणि गावागावांत कासिम रझवीचे रझाकार. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीशी 'जैसे थे' करार झाला. करार असतानाच निजाम सरकारनं पाकिस्तानला २० कोटी रुपयांच्या रोख्यांचं कर्ज देऊ केलं. मग दिल्लीनं सरहद्दीवर नाड्या आवळल्या. दिल्ली म्हणायची, आम्ही नाकेबंदी केलीच नाही. पण पेट्रोल अडलं, मीठ अडलं, औषधं अडली. आणि बंदुका? त्या विमानानं आल्या. सिडनी कॉटन नावाचा परदेशी वैमानिक कराचीहून रात्री उडायचा आणि बीदर-वरंगळला शस्त्रं उतरवायचा. म्हणजे बघा: रझाकाराच्या बंदुकीला वाट सापडली, म्हारवाड्याच्या मिठाला सापडली नाही.

माझी आजी तेव्हा नवी नवरी. ती सांगायची, वऱ्हाडातून चोरून आणलेला मिठाचा खडा घरात कसा लपवून ठेवायचे. आणि शेवटी एकच म्हणायची, "नवाबाच्या ताटात मीठ होतंच की."

निजाम मिठावाचून हरला नाही. १३ सप्टेंबरला फौज घुसली, १७ ला खेळ संपला. त्याआधी २१ ऑगस्टला निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडं तक्रार केली होती. त्या शिष्टमंडळात आपल्याच समाजाचे श्यामसुंदर होते. ही गोष्ट झाकायची नाही. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावलं होतं, निजामाची बाजू घेऊ नका. तरी काहींना त्या दरबारात आशा दिसली. का दिसली, ह्याचा विचार हिंदू पुढाऱ्यांनी करावा. आणि दिल्लीनं सुरक्षा समितीत काय उत्तर दिलं? हैदराबाद हा आमचा घरचा मामला आहे.

हे दोन शब्द लक्षात ठेवा. घरचा मामला.

फौजेनंतर निजामाचं काय झालं? त्याला राजप्रमुख केलं. वर्षाला ५० लाखांचा तनखा. किंमत मोजली गरीब मुसलमानांनी. सुंदरलाल समितीच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार आहे.

आणि एक गोष्ट ऐका. फौज जिंकल्यावर तीन दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ ला, निजाम सरकारच्या लंडनच्या बँकेतल्या खात्यातून दहा लाखांहून जास्त पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर गेले. निजाम म्हणाला, मी परवानगी दिली नव्हती. बँकेनं पैसा गोठवला. किती वर्षं? एकाहत्तर. लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला २ ऑक्टोबर २०१९ ला. तोवर रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. कुणाला मिळाले? भारत सरकारला आणि निजामाच्या वारसांना.

तो पैसा आला कुठून होता? संस्थानाच्या खजिन्याचा पैसा. खजिना भरत होता शेतसाऱ्यानं, आणि शेत पिकत होतं आपल्या वेठीवर. कोर्टात दोन सरकारं होती, राजपुत्र होते. परभणीचा एक तरी सालगडी पक्षकार होता का? मित्रांनो, गोठवलेला पैसा सडत नाही, व्याज खातो. गोठवलेलं मीठ मात्र माणसाला खातं.

मग सगळेच निर्बंध वाईट का? नाही. थांबा.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा जगातला पहिला देश भारत. तिथलं गोरं सरकार संयुक्त राष्ट्रांत काय म्हणालं? हा आमचा घरचा मामला आहे! पुढं अल्बर्ट लुथुलींनी जगाला हाक दिली, आमच्या देशाच्या मालावर बहिष्कार टाका. त्यांना माहीत होतं, काळ्या माणसाचेही हाल होणार. पण हाल सोसणाराच म्हणत होता, टाका. इथं सगळा फरक आहे. १९७४ ला आपला संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही, कप सोडला. ४ नोव्हेंबर १९७७ ला सुरक्षा समितीनं त्या सरकारला शस्त्रं विकणं बंद केलं. १९८४ ला डब्लिनच्या एका दुकानात मेरी मॅनिंग नावाच्या पोरीनं आफ्रिकेची फळं गिऱ्हाइकाला विकायला नकार दिला. तिला घरी बसवलं, सोबतच्या पोरी संपावर गेल्या. संप जवळजवळ तीन वर्षं चालला, आणि १९८७ ला आयर्लंडनं तिथली फळं-भाजी आणणंच बंद केलं. १९८५ ला अमेरिकेच्या मोठ्या बँकेनं कर्जाचं नूतनीकरण नाकारलं, तेव्हा प्रिटोरियाचे हातपाय गार पडले. १९८६ ला रेगनचा नकाराधिकार मोडून अमेरिकेच्या काँग्रेसनं निर्बंधांचा कायदा केला. बंदूक अडली, कर्ज अडलं, मिजास अडली. १९९४ ला काळ्या माणसानं मत टाकलं.

आता इराक घ्या. १९९० पासून तेरा वर्षं अख्ख्या देशावर निर्बंध. सद्दामचे महाल उभेच राहिले. दवाखान्यातली औषधं संपली. संयुक्त राष्ट्रांचेच अधिकारी डेनिस हॅलिडे ह्यांनी १९९८ ला राजीनामा दिला. हे पाप माझ्या हातून नको म्हणाले. ही सरळ गावची गिरणी बंद करण्याची रीत. गुन्हा पाटलाचा, भूक लेकरांची.

त्यानंतर जग म्हणायला लागलं, देशावर नको, माणसावर घाला. नाव घेऊन. सेनापतीचं खातं, मंत्र्याचा बंगला, लष्कराची कंपनी. ब्रह्मदेशाचंच बघा, जिथून बाबासाहेबांनी मसुदा घेतला. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली. मार्चमध्ये अमेरिकेनं लष्कराच्या दोन बड्या कंपन्यांवर निर्बंध घातले. त्यातल्या एकीच्या जमिनीवर, यांगूनला, आपल्या अदानी पोर्ट्सचं बंदर उभं राहत होतं. ऑक्टोबरात कंपनीनं जाहीर केलं, आम्ही बाहेर पडतो. मे २०२३ ला तीन कोटी डॉलरला विकून टाकलं. तिथली तरुण पोरं रस्त्यावर गोळ्या खात हेच मागत होती: लष्कराच्या कंपनीला पैसा देऊ नका. तांदूळ अडवा असं ती म्हणत नव्हती.

पण लगेच अमेरिकेच्या आरत्या ओवाळू नका. २०२५ ला त्याच अमेरिकेनं हेच हत्यार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशांवर चालवलं. इस्रायलच्या पंतप्रधानाविरुद्ध त्या न्यायालयानं वॉरंट काढलं होतं. हत्यार तेच. दोस्ताला हात लावला की न्यायाधीशसुद्धा गुन्हेगार.

आणि आपल्या देशाच्या आरत्या तर नकोच. आफ्रिकेवर पहिला बहिष्कार टाकणारा हा देश २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत गेला. आपली माणसं तिथं जातीचा प्रश्न घेऊन उभी होती. सरकार म्हणालं, जात इथं आणू नका. म्हणजे काय? घरचा मामला! निजामाच्या वेळी तेच, गोऱ्यांच्या तोंडी तेच, डर्बनला तेच. १९७८ ला आमच्या गावात पोलीस आले तेव्हा पुढाऱ्यांनी तेच सांगितलं: साहेब, गावचा मामला आहे, गावात मिटवू. चार ठिकाणचे मालक, आणि वाक्य एक.

तर त्या पोराला माझं उत्तर. पेपरात निर्बंधाची बातमी आली की टाळी वाजवायच्या आधी तीन प्रश्न विचार. एक, हा बहिष्कार मागितला कुणी? भोगणाऱ्यानं, का दुसऱ्या मालकानं? दोन, चूल कुणाची विझते आणि तिजोरी कुणाची बंद होते? तीन, घालणारा आपल्या दोस्तालाही तोच न्याय लावतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तर तिसरं चुकलं तरी आपण तो बहिष्कार वापरायचा, घालणाऱ्याचं ढोंग चव्हाट्यावर मांडत वापरायचा. पहिली दोन चुकली तर कितीही मोठ्या लोकशाहीचा शिक्का असो, ती गावगुंडीच.

आणि तुम्ही शहरात राहता. बँकेत, बंदरात, मॉलच्या काउंटरवर काम करता. तुमच्या हातून कुणाचा माल, कुणाचा पैसा जातो, ते बघा. मेरी मॅनिंग मंत्री नव्हती. काउंटरवरची पोरगी होती.

माझा बाप गेला. त्याला मी हे कधी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तो फोटो पेटीतून बाहेर काढला तोही त्यानंच. कुणी सांगितलं नव्हतं. गिरणी सुरू झाल्यावर पहिल्या दळणाची भाकर आम्हाला वाढली, आणि स्वतः जेवायच्या आधी खिळा ठोकला.

जय भीम.