ब्रेकचा मास्टर सिलिंडर: मोठा घ्यायचा की छोटा?

आज कोडिंगला सुट्टी. आज ब्रेकबद्दल बोलू, म्हणजे माझ्या एका चुकीबद्दल.

मी बी.टेक. कॉम्प्युटरवाला, नोकरीसाठी इंग्लंडमध्ये, कव्हेंट्रीजवळ राहतो. इकडे घरच्या गॅरेजमध्ये किट कार बांधायचा छंद जुना आहे. चासी आणि बॉडीचे पत्रे विकत घ्यायचे; इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक एखाद्या जुन्या गाडीचे काढायचे. माझी गाडी १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीची आहे आणि तिचे पार्ट जुन्या माझदा एमएक्स-५ चे.

एमएक्स-५ ला ब्रेकसाठी व्हॅक्यूम बूस्टर असतो. आपण पाय हलकाच दाबतो, बाकी जोर तो लावतो. माझ्या गाडीच्या अरुंद नाकात तो बसेना. म्हटलं, एमएक्स-५ जवळपास टनाची, आपली सहाशे किलोची. काय गरज आहे बूस्टरची? तो काढला आणि तोच २२.२ मिलिमीटर बोअरचा मास्टर सिलिंडर बसवला. मोठा आहे, म्हणजे दणकट असणार!

एका मित्राच्या शेतावरच्या खासगी रस्त्यावर पहिली चाचणी घेतली. शेजारच्या सीटवर बायको. ताशी पन्नासच्या आसपास वेग होता. ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं! पूर्ण ताकद लावली तरी गाडी खुणेच्या पुढे जाऊन गवतात थांबली. बायको काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

रात्री बाबांना फोन केला. बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. म्हणाले, "गाडी चालली नाही तरी चालंल रे, थांबली पाहिजे."

मग वही काढली. पास्कलचा नियम आठवतोय ना? दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. पायाचा जोर ३० किलो धरा. पेडलचं गुणोत्तर ५, म्हणजे सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलो. आता बघा, दर चौरस सेंटिमीटरला दाब किती मिळतो:

२२.२ मिमी बोअर: सुमारे ३९ किलो
१९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंची: सुमारे ५३ किलो
१५.९ मिमी: सुमारे ७६ किलो

म्हणजे बोअर छोटा, तर दाब जास्त! माझी समजूत बरोबर उलटी होती.

मग सगळ्यात छोटाच का नको? कारण कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकवायला ठरावीक ब्रेक ऑइल लागतं. चारही चाकांना मिळून ४ घन सेंटिमीटर लागतं असं समजा. २२.२ च्या सिलिंडरला त्यासाठी पेडल सुमारे ५ सेंटिमीटर दाबावं लागेल, १९ च्या सिलिंडरला ७, आणि १५.९ च्या सिलिंडरला तब्बल १०. त्यात पाइपात थोडी हवा राहिली, पॅड झिजले, तर पेडल थेट फ्लोअरला टेकायचं. जोर वाचवलात की अंतर द्यावं लागतं. फुकट काहीच नाही.

मी १९.०५ घेतला. तोही टँडम, म्हणजे आत दोन वेगळे कप्पे. एक सर्किट गळलं तरी दुसरं ब्रेक धरतं. आणखी एक गोष्ट: पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. नाही तर पाय उचलल्यावरही ऑइल टाकीत परत जात नाही, ब्रेक घासत राहतात आणि तापतात.

परवा त्याच रस्त्यावर, त्याच वेगात पुन्हा ब्रेक दाबला. गाडी खुणेच्या आधीच थांबली. अजून सरकारी आयव्हीए तपासणी बाकी आहे. त्यात रोलरवर ब्रेक मोजतात. ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर येणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की आपण रोलबॅक करतो. ब्रेकमध्ये तशी सोय नाही. म्हणून पार्ट विकत घ्यायच्या आधी दहा मिनिटं आकडेमोड करा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा!