सात किलोमीटर वाळू आणि बाल्कनीतला दिवा

मी मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं नोकरीमुळे चेन्नईत आहे. इथे आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी दोनच गोष्टी छळतात, भाषा आणि उकाडा. मी रात्री समुद्रावर जायला लागले ती उकाड्यामुळे. कासवं नंतर आली.

जानेवारीपासून मार्चपर्यंत शनिवारी रात्री काही लोक नीलांकरैहून बेसंत नगरकडे चालत निघतात. साधारण सात किलोमीटर. शोधायची असतात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी. १९७०च्या दशकात मद्रास स्नेक पार्कच्या मंडळींनी हे चालणं सुरू केलं. १९८८पासून स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्व्हेशन नेटवर्क ही विद्यार्थ्यांची संघटना ते चालवते आहे.

पहिल्या रात्री मला वाटलं, कासव दिसणार. नाही दिसलं. पुढच्या शनिवारीही नाही. टॉर्च लावायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, पहाटेपर्यंत वाळूत पाय ओढायचे. स्वयंसेवा म्हणतात ती बहुतेक अशीच असते, काहीही न घडणारी.

चौथ्या खेपेला माग सापडला. ट्रॅक्टरचं चाक पाण्यातून वर येऊन परत गेल्यासारखा. काठीनं वाळू चाचपत गेलो, एका जागी ती भुसभुशीत लागली. दीड फूट हातानं उकरल्यावर अंडी लागली, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. एकशे चौदा. ती काही तासांच्या आत हलवायची आणि गोल फिरू द्यायची नाहीत, नाहीतर आतला जीव जातो. मग कुंपण घातलेल्या जागेत तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा खणून ती पुरायची. त्या रात्री घरी येऊन मी आईला फोन केला. पहाटेचे पाच वाजले होते. ती घाबरलीच.

अंडी हलवायची कशासाठी? कुत्री खातात, हे एक कारण. दुसरं मला फार उशिरा कळलं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पिल्लं रात्री बाहेर येतात आणि जिकडे उजेड, तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्रच असतो. चेन्नईत उजळ असतो रस्ता. आणि रस्त्यापलीकडची माझी बाल्कनी. तीन वर्षं मी अंडी उचलत होते आणि घरी दिवा रात्रभर जळत होता.

माझा दिवा मी बंद केला. इमारतीच्या सभेत विषय काढला तेव्हा एक शेजारी म्हणाले, "अंधारात चोर आले तर?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्याकडे एकदा चोरी झाली होती. दोन वर्षं सभा झाल्या, माझं तमिळ तिथेच सुधारलं. शेवटी समुद्राकडच्या पाच दिव्यांना झाकणं बसली, उजेड खाली पडेल अशी. गच्चीवरचा मोठा दिवा अजून तसाच आहे.

मग जानेवारी २०२५ आला. चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली रिडले वाहून आली. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. तमिळनाडूत ट्रॉलरनी किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत मासेमारी करायची नाही, असा कायदा आहे. तो समुद्रात कोण पाहणार? आम्ही वाळूवर होतो. आम्ही मोजत होतो. एकाच कासवाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून पाठीवर रंगाची खूण करायची, जागा आणि तारीख लिहायची. वास असा की रुमालाचा उपयोग नाही. एका रात्री मी एकटीनं नऊ लिहिली. एका मादीच्या पोटात अंडी होती.

त्या रात्री सोबत आलेली कॉलेजची मुलगी रडायला लागली. म्हणाली, "अक्का, हे मोजून काय होणार?" मी म्हटलं, वहीत नसेल तर उद्या कुणीही म्हणेल, दोन-चारच होती. तिनं डोळे पुसले आणि टेप पुन्हा हातात घेतली. दहावं कासव तिनं मोजलं.