पाळण्यापासून वार्धक्यापर्यंत : मानवी विकासाच्या मूलभूत संकल्पना आणि वादविषय

(व्याख्यानाचा पाठ)



'मानवी विकास' ही संज्ञा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात दोन निरनिराळ्या ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणी तिचा अर्थ वेगळा असतो. अर्थशास्त्रात ती मेहबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांशी जोडलेली आहे. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला आणि आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न या तीन परिमाणांवर राष्ट्रांची प्रगती मोजण्याची प्रथा रूढ झाली. मानसशास्त्रात मात्र मानवी विकास म्हणजे गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंत व्यक्तीच्या शरीरात, बुद्धीत, भावनांत आणि सामाजिक संबंधांत होणारे क्रमबद्ध बदल. पहिला अर्थ राष्ट्राच्या संदर्भात आहे, दुसरा व्यक्तीच्या. पाठ्यपुस्तके हे दोन विषय वेगळे ठेवतात. प्रत्यक्ष जीवनात मात्र ते एकमेकांपासून अलग करता येत नाहीत.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत आनेकल तालुक्यात असलेली बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत याचे उत्तम उदाहरण आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या पिवळ्या मार्गिकेचे हे शेवटचे स्थानक. औषधनिर्मितीपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत अनेक प्रकारचे उद्योग येथे आहेत. कामगारांत तरुणांचा भरणा मोठा असून त्यांतील अनेक जण दूरच्या जिल्ह्यांतून व परराज्यांतून आलेले आहेत. अशा वसाहतीत काम करणाऱ्या स्त्रीचे दीड वर्षाचे मूल तिच्या पाळीच्या आठ तासांत कोठे असते, कोणाशी बोलते आणि काय खाते, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. विकासाच्या मानसशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा वाद या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

वाढ, परिपक्वता आणि विकास

प्रारंभी तीन संज्ञांतील भेद स्पष्ट असावा. उंची, वजन, डोक्याचा घेर यांत होणारा आणि मोजता येणारा बदल म्हणजे वाढ. जैविक आराखड्यानुसार क्षमता आपोआप उमलणे म्हणजे परिपक्वता. मूल बसते, मग उभे राहते, मग चालते. हा क्रम शिकवावा लागत नाही. विकास ही संकल्पना या दोहोंपेक्षा व्यापक आहे. तीत वाढ आणि परिपक्वतेबरोबरच अध्ययन, अनुभव आणि संस्कृती यांतून घडणारे गुणात्मक बदलही येतात. वाढ एका वयात थांबते, विकास मात्र थांबत नाही. त्यात लाभाबरोबर हानीही असते. वृद्धाची दृष्टी मंदावते, त्याच वेळी त्याची जीवनविषयक समज वाढू शकते.

पहिला वाद : अनुवंश की परिवेश?

माणूस जन्मतः मिळालेल्या गुणसूत्रांनी घडतो की परिस्थितीने, हा या शास्त्रातील सर्वांत जुना वाद होय. बोम्मसंद्र्याच्या संदर्भात त्याचा विचार वेगळ्या मार्गाने करता येतो. डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी देशभर ओळखले जाणारे रुग्णालय याच परिसरात आहे. हृदयविकाराचे दोन ढोबळ प्रकार असतात. एक जन्मजात दोषाचा, जो अर्भकावस्थेतच दिसतो. दुसरा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा, जो बहुधा मध्यमवयात प्रकट होतो. दुसरा प्रकार दीर्घकाळ केवळ प्रौढ वयातील राहणीशी जोडला जात असे.

या समजुतीला ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी आव्हान दिले. गर्भावस्थेतील कुपोषणाचा प्रौढपणीच्या हृदयरोगाशी संबंध आहे, असे त्यांनी इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदींच्या आधारे मांडले. कर्नाटकात त्याची पडताळणी म्हैसूरच्या एका मिशन रुग्णालयातील नोंदींवरून झाली. तेथे १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. वयाची ४५ वर्षे ओलांडलेल्यांपैकी ज्यांचे जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयधमनीविकाराचे प्रमाण ११ टक्के आढळले. सुमारे ३.१ किलो व त्याहून अधिक वजनाने जन्मलेल्यांत ते ३ टक्के होते.

महाराष्ट्रातील संशोधनाने या विषयात मोलाची भर घातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र भारतीय बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. वरून कृश दिसणाऱ्या देहात मेदाचे प्रमाण अधिक असते आणि त्यातून पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, हे यातून पुढे आले. त्याच गावांतील मुले किशोरवयात आल्यावर त्यांना जीवनसत्त्व ब-१२ व इतर सूक्ष्मपोषके देण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला. आजची किशोरी ही उद्याची माता आहे. तिचे पोषण म्हणजे पुढील पिढीचा पहिला परिवेश होय, हा त्यामागील विचार.

या उदाहरणांवरून वादाचे स्वरूपच बदलते. गर्भाशय हा जैविक अवयव आहे आणि तोच बालकाचा पहिला परिसरही आहे. त्यामुळे अनुवंश व परिवेश यांतील कोणाचा वाटा किती, यापेक्षा ते एकमेकांवर कसे परिणाम करतात, हा प्रश्न आजच्या शास्त्राला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरा वाद : सातत्य की टप्पे?

विकास हा उतारावरून वाहणाऱ्या पाण्यासारखा सलग असतो की जिन्याप्रमाणे पायरीपायरीने होतो? स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी बोधात्मक विकासाच्या चार अवस्था मानल्या : जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदन-कारक, दोन ते सात क्रियापूर्व, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक आणि त्यापुढे औपचारिक क्रियात्मक. प्रत्येक अवस्थेत मुलाच्या विचाराची जातच बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रशियन विचारवंत लेव वायगोत्स्की यांनी भर दिला तो सामाजिक आंतरक्रियेवर. मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांतील अंतराला त्यांनी 'निकट विकासक्षेत्र' म्हटले. शिक्षणाचे खरे काम या क्षेत्रात घडते.

एरिक एरिक्सन यांनी टप्प्यांची कल्पना बाल्यापुरती न ठेवता संपूर्ण आयुष्यास लावली. त्यांच्या आठ अवस्थांपैकी पहिलीत विश्वास व अविश्वास यांचा संघर्ष असतो, पौगंडावस्थेत स्व-ओळखीचा, मध्यमवयात पुढील पिढीसाठी काही घडवण्याचा, तर अखेरीस जीवनाच्या साफल्याचा. भारतीय परंपरेतील चार आश्रमांची कल्पनाही आयुष्याला टप्प्यांत विभागते. तथापि एक फरक ध्यानात ठेवावा. आश्रमव्यवस्था माणसाने कसे जगावे हे सांगणारा आदर्श आहे, तर मानसशास्त्रीय अवस्था माणसे प्रत्यक्षात कशी बदलतात याचे वर्णन करू पाहतात. शिवाय आश्रमांचा आराखडा प्रामुख्याने उच्चवर्णीय पुरुषाचे आयुष्य समोर ठेवून रचलेला होता. परीक्षेतील उत्तरात या दोहोंची तुलना करावी, पण त्यांना एकरूप मानू नये.

तिसरा वाद : आरंभीची वर्षे निर्णायक की आयुष्यभर बदल शक्य?

पहिल्या सहा वर्षांत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते, हे निर्विवाद आहे. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी बालक व त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील अनुबंधाचे महत्त्व दाखवून दिले. याच आधारावर शासनाने बालकांच्या योजनांना प्राधान्य दिले. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती.

परंतु आरंभ महत्त्वाचा आहे याचा अर्थ पुढचे सारे ठरून गेले असा होत नाही. येथे 'निर्णायक काळ' आणि 'संवेदनशील काळ' यांतील भेद उपयोगी पडतो. निर्णायक काळात संधी हुकली तर ती परत येत नाही. संवेदनशील काळात एखादी क्षमता सहज विकसित होते, नंतर तीच अधिक प्रयत्नाने साधावी लागते. मानवी विकासातील बहुतेक क्षमता दुसऱ्या प्रकारात मोडतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी विकास आजीवन, बहुदिशात्मक आणि लवचीक असतो असे प्रतिपादन केले. वय वाढल्यावर माणूस मोजकी उद्दिष्टे निवडतो, त्यांत कौशल्य वाढवतो आणि उणिवांची अन्य मार्गांनी भरपाई करतो. रेमंड कॅटेल यांनी केलेला प्रवाही व संचित बुद्धिमत्तेचा भेदही याच दिशेने जातो. नवे कोडे सोडवण्याचा वेग तरुणपणानंतर घटतो, अनुभवातून साठलेले ज्ञान मात्र दीर्घकाळ टिकते. यंत्रावर वीस वर्षे काम केलेला कारागीर हाताने मंद झाला तरी यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून बिघाड ओळखतो, तो या संचिताच्या बळावर.

वृद्धांचा प्रश्न आपल्या देशातही दुय्यम राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील लोकसंख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे ८.६ टक्के होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेण्यात आली. औद्योगिक शहरात स्थलांतरित झालेल्या तरुण जोडप्याचे आईवडील बहुधा गावीच राहतात. त्यामुळे नातवंडाला आजीचा आधार मिळत नाही आणि आजीला नातवंडाचा सहवास लाभत नाही. एकाच स्थलांतराचा परिणाम आयुष्याच्या दोन्ही टोकांवर होतो.

चौथा वाद : सार्वत्रिक नियम की संस्कृतीचा संदर्भ?

युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ साली मांडलेला परिसंस्थात्मक सिद्धांत या वादात मार्गदर्शक ठरतो. बालकाभोवती कुटुंब, शाळा, शेजार, शासन, संस्कृती अशी एकात एक बसलेली वर्तुळे असतात. त्यांतील 'बाह्य व्यवस्था' ही संकल्पना विशेष लक्षणीय आहे. जेथे बालक कधी पाऊलही ठेवत नाही, पण जेथील निर्णय त्याचे आयुष्य घडवतात, अशी जागा म्हणजे बाह्य व्यवस्था. पालकांचे कामाचे ठिकाण हे तिचे ठळक उदाहरण. बोम्मसंद्र्यातील कारखान्याच्या पाळीचे वेळापत्रक ठरवताना कोणाच्याही मनात मुलाचा विचार नसतो, तरी मुलाची झोप, जेवण आणि आईशी होणारा संवाद त्याच वेळापत्रकाने ठरतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाला फार पूर्वी एक व्यवहार्य उत्तर मिळाले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य केले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तेथे रुजली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याची सोय झाल्याखेरीज शाळेत येऊ शकत नव्हती. माँटेसरींची तत्त्वे स्थानिक साधनांनी आणि मुलांच्या जीवनक्रमाप्रमाणे राबवता येतात, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

धोरणातील अडीच वर्षांची पोकळी

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच ठरावीक संख्येहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. ही तत्त्वे पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

रजा सुमारे सहाव्या महिन्यात संपते, तर अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. मधली अडीच वर्षे ही पियाजेंच्या संवेदन-कारक अवस्थेची, बोल्बींच्या अनुबंधाची आणि भाषेच्या उगमाची वर्षे आहेत. सिद्धांत ज्या काळाला सर्वाधिक महत्त्व देतो, नेमक्या त्याच काळात व्यवस्थेचा आधार सर्वांत क्षीण असतो. शिवाय कायदा आस्थापनेतील कर्मचारी मोजतो. पन्नासांहून कमी माणसांच्या लहान कारखान्यात काम करणाऱ्या आईचे मूल या गणनेत बसत नाही.

यावर मार्ग नाही असे नाही. अनेक आस्थापनांनी साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवावे, अशी मुभा संहितेत आहे. 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे उभारण्याची तरतूद आहे. औद्योगिक वसाहतीत रस्ते, वीज आणि सांडपाण्याची सोय सामाईक असते, तशीच पाळणाघराचीही असू शकते. कोसबाडला शाळा अंगणात गेली, येथे पाळणाघर कारखान्याच्या फाटकापाशी यावे लागेल. त्याच्या वेळा पाळीच्या वेळांशी जुळाव्यात, सेविका प्रशिक्षित असाव्यात आणि मुलांच्या घरच्या भाषांना तेथे स्थान असावे, या किमान अपेक्षा होत.

हा विषय अभ्यासताना विचारवंतांची नावे आणि अवस्थांची कोष्टके पाठ करावीच लागतात. परंतु प्रत्येक सिद्धांताला दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : तो आयुष्यातील कोणत्या वर्षांबद्दल बोलतो आणि त्या वर्षांत प्रत्यक्ष माणसाला समाजाने काय दिले आहे? मानव विकास निर्देशांकातील आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न हे तिन्ही आकडे अशाच एकेका आयुष्याच्या बेरजेतून तयार होतात. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती त्या बेरजेतील काही आकडे असतील. त्यांत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकाचा रकाना रिकामा राहू नये.